मामेभावाची मुभा

प्रिय साइनी,

तुझ्या बापाच्या माकडहाडावर पडून पडून आलेली लाली उतरली. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तू गेलीस तेव्हा वाटलं होतं, आता कातडी फुटणार आणि हा हट्टी माणूस ओल्यातच पडून राहणार. लघवीवर ताबा नाही हे कबूलच करायचा नाही, खापर गळक्या छपरावर फोडायचा. तुझ्या आईला हात लावू देईना, नर्सच्या अंगावर उकडलेल्या कसाव्याच्या कंदाची ताटली भिरकावली, आणि तुला तर खोलीबाहेरच काढलं. तू रडत बोटीत बसलीस ते मी धक्क्यावरून पाहिलं गं. फार वाईट वाटलं.

मग म्हटलं, आता आपणच शिरावं. मी त्याचा मामेभाऊ, आणि आपल्या बेटांवर बापाचा मामेभाऊ म्हणजे लेकरांचा काका नव्हे, मामाच. बाकीच्यांनी त्याच्यापुढे मान खाली घालायची आणि मी तोंडाला येईल ते बोलायचं, ही आपल्याकडची रीतच. आधी छपराचा पत्रा ठोकला. मग आत येऊन म्हटलं, "एमोसी, छप्पर झालं. आता तुझं बघू. तुमच्या गावच्या होड्यासुद्धा गळक्याच असतात."

तो उसळला. "त्याच होडीतून तुझ्या बापाला वादळातून आणलं होतं, गाढवा!"

भांडता भांडता त्याला कुशीवर वळवला. हात चादरीखाली, डोळे खिडकीबाहेर. कोमट पाणी, न घासता टिपून कोरडं, मग मलम, तू फोनवर शिकवलंस अगदी तस्संच. तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, तोवर काम झालंसुद्धा. आता उशीर झाला की तुझ्या आईला विचारतो, तो आळशी कुठे मेला म्हणून.

काल मात्र भांडलाच नाही. आपणहून कुशीवर वळला. मी मलम लावत असताना म्हणाला, "तिला लहानपणी मी धुतलंय. तिने मला धुवायचं नाही." आणि मग, "केस फार वाढलेत. ते साइनीने कापावेत."

पोरी, आपल्यात माणसाचं डोकं पवित्र, बापाच्या डोक्याला तर लेकरू हातच लावत नाही. जन्मभर त्याची टर उडवली मी, पण त्याच्या डोक्यावरची माशीदेखील कधी हाकलली नाही. ते डोकं तो तुझ्या हाती देतोय. बाकीचं माझ्याकडे राहू दे. तू कात्री घे आणि येत्या बोटीनेच निघ. तो फार दिवस थांबेलसं वाटत नाही.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
आपाकुकी मामा