सोंगं आलीत, आत घेता का?

गॅनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड
२ डिसेंबर

प्रिय हेटी,

तुझं पार्सल पोचलं. मोजे मला छान बसले. केझीनं तिचे हुंगले, गालाला लावून पाहिले आणि म्हणाली, "टोचतात." वाईट वाटून घेऊ नकोस, खोका मात्र तिनं ठेवून घेतलाय. इकडे सगळं ठीक. बंदरात कडेकडेनं बर्फ धरू लागलाय. एलाम काकांनी सरपण आणून टाकलं आणि दम दिला, "आभार मानलेस तर सगळं परत घेऊन जाईन."

परवा फोनवर तू शाळेचं विचारलंस आणि मी भट्टीतल्या पावाचं निमित्त काढून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. मला कागदावर जास्त बरं बोलता येतं. कागद तुझ्यासारखा मध्येच रडत नाही.

शाळा सेंट जॉन्सला आहे, केझीसारख्या मुलांसाठीच. इथून गाडीनं सहा तास. मुलं तिथेच राहतात, महिन्यातून एकदा घरी येतात. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी बघून आलो. फेब्रुवारीपासून एक जागा मोकळी होतेय, जानेवारीच्या सुरुवातीला हो-नाही कळवायचं आहे. शाळा चांगली आहे, नाही कोण म्हणतं? इथल्या शाळेत घंटा झाली की केझी जिन्याखाली जाऊन बसते, मग हेडमास्तरांचा फोन येतो आणि मी तिला घेऊन येते. मास्तरीणबाई जीव लावतात, पण त्या एकट्या आणि वर्ग भरलेला. या वर्षी पोर शिकली कमी आणि जिन्याखाली बसली जास्त.

पण हेटी, ती चौदा वर्षांची आहे. माझ्या हातचा काकवीचा पाव खाते, दुसऱ्याच्या घरचं काही तोंडात घालत नाही. मी बरोबर नसेन तर एलाम काकांच्या दारापर्यंतसुद्धा जात नाही, आणि ते दार आपल्या खिडकीतून दिसतं. तुला माहीतच आहे, सोळाव्या वर्षी मी मासळीच्या कारखान्यात लागले, पुढे जे काही शिकले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून. ऑटिझमवरची होती नव्हती तेवढी पुस्तकं मी वाचली. अशी पोर आईशिवाय झोपते कशी, हे एकाही पुस्तकात नाही.

केझी काय म्हणते, असं तू विचारलंस. काही म्हणत नाही. तुला माहीत आहे ती.

नाताळ आला, आता चेहरे झाकून घरोघर नाचणारी सोंगं फिरू लागतील. आपल्याकडे येणार नाहीत. लिअँडर गेल्यापासून मी नाताळात सोंगांना बोलावणारा बाहेरचा दिवा लावत नाही, आणि दुखवट्याच्या घरी सोंगं येत नाहीत, हे तुला सांगायला नको. एलाम काका म्हणाले, "पोरी, दुखवटा एका नाताळाचा असतो. तू तीन ओढलेस." मी म्हटलं, "चौथाही ओढीन."

मुलांना माझे मुके दे.

लिअँडरच्या घरून,
तुझी डॉर्कस वहिनी


गॅनेट कोव्ह
७ जानेवारी

प्रिय हेटी,

नवं वर्ष तुम्हा सगळ्यांना सुखाचं जावो. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय आणि पायाखालची जमीन चिकट आहे. सरबत, रम, बुटांचा बर्फ आणि कुणाच्या तरी उशीतली पिसं. किती वर्षांनी ही जमीन इतकी घाण झाली! पुसायचं मन होत नाही.

सांगते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि दार वाजलं. मी दचकलेच. आपल्याकडे शेजारी थेट आत येतात, दार वाजवणार तो परका नाहीतर सोंग. खिडकीतून पाहिलं तर बाहेरचा दिवा लागलेला. मी लावला नव्हता. बटणाशी केझी उभी होती, कानांवर तिचे ते आवाज अडवणारे हेडफोन.

"सोंगं आलीत, आत घेता का?" श्वास आत ओढून काढलेला तो घोगरा आवाज. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर केझी म्हणाली, "या."

चौघं आत आली. एक अगडबंब नवरी, चेहऱ्यावर जाळीचा पडदा आणि झग्याखाली रबरी बूट. एक कुबडा, पाठीत उशी कोंबलेला, हातात अकॉर्डियन. एकानं उलट्या कोटावरून पुरुषी लांब चड्डी चढवलेली, आणि एक घोड्याचं डोकं करून आलेला. आता त्यांनी नाचायचं, आपण चिमटे काढत नावं घ्यायची, चुकायचं, हसायचं. अर्धी संध्याकाळ त्यातच जायला हवी. केझीनं एकेकाकडे बोट केलं.

"एलाम काका. मास्तरीणबाई. फिलिस. पाद्रीबुवा."

अकॉर्डियन मध्येच थांबला. माझ्या जिभेवर ते नेहमीचं वाक्य आलंच होतं, माफ करा, तिला खेळ कळत नाही. तेवढ्यात नवरीनं पडदा वर केला आणि खालून एलाम काकांच्या पांढऱ्या मिशा बाहेर आल्या.

"अगं बये! नटायला मला अख्खी दुपार लागली आणि हिनं एका दमात सोलून ठेवलं!"

"तुझी ढेरी झग्यात मावत नव्हती, आंधळ्यानं ओळखलं असतं," शेजारची फिलिस म्हणाली.

"मग तू गं कशी सापडलीस? घरधन्याची चड्डी बोलली का?"

पाद्रीबुवा घोड्याच्या डोक्यातूनच हसायला लागले, आणि हेटी, हसणारा घोडा तू पाहिला नसशील.

"पायांवरून," केझी म्हणाली. "काकांचा उजवा पाय उशिरा येतो. फिलिस आधी टाच टेकते."

झालं. चौघं बाहेर पळाली, अंगणातल्या बर्फात उभ्याउभ्या कपडे बदलले, बूट बदलले, पुन्हा दार वाजलं. केझीनं खाली पाहिलं. "बूट फिलिसचे. आत काका." पुन्हा बाहेर, पुन्हा आत. एकदा पाद्रीबुवा लंगडत आले. "पाद्रीबुवा खोटं चालतायत," असं तिनं जाहीर केलं आणि फिलिस हसता हसता लाकडाच्या पेटीवर बसली. केझी गुणगुणत होती. खूश झाली की काढते तो सूर, लिअँडर त्याला इंजिन सुरू झालं म्हणायचा.

तिला चेहऱ्यांवरून माणसं नीट कळत नाहीत, असं मी पुस्तकांत वाचलंय, आणि ते खरंच आहे. पण आमचा हा खेळ त्या लिहिणाऱ्यांनी पाहिलेला नसणार.

बातमी गावभर झाली. मग रोजच दार वाजायला लागलं. वरच्या बंदरातले लोकसुद्धा हरायला म्हणून मुद्दाम आले. मी केक करून करून थकले. फिलिस म्हणाली, "डॉर्कस, तुझ्या घरात गरम होतंय गं, खिडकी उघड." आपल्या घराबद्दल असं कुणी बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं.

आता कालचं. काल सोंगांचा शेवटचा दिवस. दुपारचा चहा झाल्यावर केझी म्हणाली, "मी वर जाते." दमली असेल, म्हणून मी हाक मारली नाही. अंधार पडला, भांडी घासत होते, तोच दार वाजलं. आमची नेहमीची चौघं आली, आणि त्यांच्या मागून पाचवं सोंग. पिवळा मेणकापडी कोट, डोक्यावरून जाळीचा पडदा, जाडे हातमोजे.

ते आत आलं ते डावा खांदा पुढे काढून, दोन्ही हात भरलेले असताना दार ढकलावं तसं. चुलीपाशी गेलं. उभं राहिलं आणि एका बुटानं दुसऱ्या पायाचा घोटा घासू लागलं.

हेटी, तुझा भाऊ असाच उभा राहायचा.

मी खुर्ची धरली. ज्या कोटात त्याला बोटीवरून उतरवला तो नव्हे, दुसरा, मागच्या खुंटीवरचा, हे मला दिसत होतं. तरी.

"अगं ओळख की!" एलाम काका ओरडले. "निम्मं गाव फिरून आलो, एकालाही पत्ता लागला नाही! ती म्हातारी स्टेला विचारते, हा तरणाबांड खलाशी कुठून धरून आणलात?"

"आणि प्रत्येक घरी केक हाणलाय त्यानं," फिलिस म्हणाली. "पडद्याखालून! मनुका वेचून बाजूला ठेवल्या तेवढ्याच."

माझ्या ओठांवर कुठलं नाव आलं होतं ते तुला सांगायला नको. ते मी घेतलं नाही. मी म्हणाले, "केझाया."

पडदा वर गेला. गाल लाल, हनुवटीला केकचा चुरा, टोपीखाली हेडफोन. "आई," ती म्हणाली, "तू लवकर ओळखायला हवं होतंस." आणि सगळ्यांनी असा काही गोंधळ घातला की मला डोळे पुसायला छान आडोसा मिळाला.

वर गेलेली माझी पोर मागच्या दारानं उतरून एकटी एलाम काकांच्या दारात गेली होती. तिनं दार वाजवलं आणि म्हणाली, "मला सोंग व्हायचंय." काका सांगतात, "पोरी, मी उभाच राहिलो. नको म्हणायची छातीच झाली नाही."

मंडळी गेली, केझी झोपली, आणि मी या जमिनीकडे बघत बसले.

मागच्या पत्रात मी लिहिलं, केझी काही म्हणत नाही. म्हणाली होती. ऑक्टोबरमध्ये, त्या शाळेच्या व्हरांड्यात. वर्ग सुटला, मुलं बाहेर आली, आणि ती भिंतीकडे, छताकडे बघत म्हणाली, "आई, इथे घंटा नाही. मी इथे राहीन." तेवढंच. सहा तास गाडी चालवत आले आणि कुणाला सांगितलं नाही. पावाचं, झोपेचं, अनोळखी माणसांचं मी तुला लिहिलं ते सगळं खोटं नव्हतं. पण ती माझ्याशिवाय झोपेल, हेटी. तिच्याशिवाय या घरात मला झोप लागेल का, ते मला माहीत नाही.

आज सकाळी शाळेला फोन करून हो म्हटलं.

केझीला सांगितलं. तिनं विचार केला आणि विचारलं, "नाताळला सोडतील ना? सोंगांसाठी?" मी म्हटलं, सोडतील. "मग ठीक." आणि लगेच तुझा तो मोज्यांचा खोका काढून त्यात सामान भरायला बसली. सगळ्यांत आधी पिवळा कोट.

"अगं, शहरात मेणकापड कोण घालतं?"

"मी," ती म्हणाली.

कोट खोक्यात मावत नाही. दिवसभर घड्या घालतेय, उलगडतेय, गुणगुणतेय. मध्येच येऊन मला सांगून गेली की हेटी आत्या उन्हाळ्यात येईल तेव्हा तिनं सोंग घेऊन यावं, म्हणजे वेळ छान जाईल. एलाम काका म्हणतात, सेंट जॉन्सला मी सोडायला येतो, पण नवरीच्या झग्यात. नको म्हटलं तर रुसतील, म्हणून अजून उत्तर दिलेलं नाही. फिलिसनं मला दर गुरुवारी पत्ते खेळायला बोलावलंय. मी पत्त्यांत कच्ची आहे, हे कळल्यावर बोलावणं टिकतं का बघू.

तू म्हणतेस, एकटी कशाला राहतेस, इकडे ये. येईन पाहुणी म्हणून. राहायला नाही.

सोंगांचे दिवस काल संपले. रिवाजाप्रमाणे बाहेरचा दिवा आज बंद करायला हवा. दोनदा बटणापाशी गेले आणि परत येऊन बसले. राहू दे, म्हटलं.

दिवा लावलेल्या घरून,
तुझी डॉर्कस वहिनी