पॅसेजमधला दिवा

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझी भाची पिंगी आठ वर्षांची झाली, पण धांदरटपणा तोच. संध्याकाळ झाली की दाराला धडक, स्टुलाला धडक. मी ओळखलं, ही अंधाराची भीती. मग रोज दिवेलागणीला पॅसेजमधला दिवा घालवून तिला शेवटच्या खोलीतून माझा चष्मा आणायला लावला. चार दिवस रडली. आता न अडखळता जाते-येते! तू प्रयोगशाळेत डोळ्यांचंच काहीतरी शिजवतेस ना? एखादी धिटाईची गोळीही काढ.

पत्राला उशीर झाला, तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी तो दिवा लाव. ही भीती नाही रे. उजेड पडला की डोळ्यातला 'अ' जीवनसत्त्वाचा वाकडा रेणू सरळ होतो. एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला पुन्हा वाकवून कामाला लावतं. सामान तेच, नुसती मांडणी बदलते. ते विकर बिघडलं, की आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं, मग भर उजेडातही. गाजरं कितीही खाऊ घाल, उपयोग नाही. बारा वर्षं मी त्याच विकरावर काम करते आहे.

खरं सांगते. मागच्या सुट्टीत ती समोरचा पेला चाचपडत होती, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मला जिकडेतिकडे माझं विकरच दिसतं, असं म्हणून मी गप्प बसले. वर्ष गेलं. तिला उद्याच डॉक्टरांकडे ने.

रागाव हवा तेवढा, पण लोभ तोडू नकोस.
तुझी ताई

२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं निघालं. रक्ताच्या तपासणीतही तेच आलं. उपचार आहे, पण डोळ्याच्या पडद्याचा बराच भाग निकामी झालाय. वर्षभर आधी आला असतात तर जास्त वाव होता, असं डॉक्टर म्हणाले. तुझा फार राग आला. पत्र लिहायला घ्यायचो आणि फाडून टाकायचो. मग वाटलं, तू नुसती गप्प बसलीस, दिवा तर मी घालवत होतो.

काल पिंगीला विचारलं, तुझं अडखळणं कसं थांबलं गं. म्हणाली, दारापर्यंत अकरा पावलं, मग उजवीकडे चार. बाबांना धीट मुलगी हवी होती, म्हणून पाठ केली.

लोभ जागच्या जागी आहे. एकदा येऊन जा.
तुझा धाकटा

ता. क. पॅसेजमधला दिवा आता दिवसाही चालू असतो. पिंगी अजून मोजतच चालते.