जबड्यातली गाठ आणि धोंड्याचं तूप

इंदापूर

लोणी भापकरात ऊस आणि बहीण सारख्याच निगुतीनं वाढवणारे माझे मेहुणे मानसिंगराव यांस महिपती मास्तरचा नमस्कार. म्हशी, मोटार आणि आपल्या मातोश्री रंगूबाई यांचं क्षेम असेलच. माझं नाही, पण त्याचा मला अभिमान आहे.

झालं असं, की दाढ काढायला बारामतीला गेलो. एक्स-रेत खालच्या जबड्याच्या हाडात काळा डाग निघाला. आपली बहीण कौसल्या (एरवी माझ्या घोरण्याखेरीज कशाला न भिणारी) माझा हात घट्ट धरून बसली. तुकडा तपासायला पुण्याला गेला, आणि उत्तर येईस्तोवर तिनं देव पाण्यात ठेवले. उत्तर आलं : गाठ साधी, पण फार दुर्मीळ. चरबीनं फुगलेल्या पेशींनी हाडात बिऱ्हाड केलं होतं. मग रक्त काढलं, तर नळीत वर चक्क सायीसारखा थर. (डेअरीत घातलं असतं तर फॅट उत्तम लागली असती.) डॉक्टर उत्कर्षाबाई हरखून म्हणाल्या, "सर, अशी केस मी फक्त पुस्तकात पाहिलीय! परिषदेत फोटो दाखवू? नाव झाकते." मी म्हटलं, "नाव कशाला झाकता?" (हनू म्हणजे जबडा. मारुतीरायानंतर जबड्यावरून नाव होण्याचा योग आमच्या तालुक्यात पहिल्यांदाच येत होता.)

गाठ काढली, जबडा शाबूत आहे. मात्र तूप आणि तळण बंद, गोळी रोज. आणि नेमका हा अधिकाचा, धोंड्याचा महिना! जावयाच्या पानातला धोंडा तुपात बुडाल्याखेरीज तुपाचा तांब्या उभा करायचा नाही, हा मातोश्रींचा नेम आपण जाणताच.

आपला दाजी,
महिपती

ता. क. खरं काम हे. रविवारी आम्ही येतोय. मी तूप नाकारलं तर मातोश्रींच्या मनाला लागेल, खाल्लं तर कौसल्या पंगतीतून उठवेल. तेव्हा मातोश्रींची समजूत तुम्ही आधीच घाला.

आणखी ता. क. कौसल्येनं वरचं वाचून परस्पर माहेरी फोन लावला. मातोश्री म्हणाल्या, "तुपाचं काय घिऊन बसलीस? मास्तर धड हाईत नव्हं? मग कोरडं वाढीन." ऐकून कौसल्येनं पदरानं डोळे पुसले. मीही जरा खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पण मानसिंगराव, इतक्या वर्षांचा आग्रह एका फोनवर संपावा, हे काही बरं नाही. रविवारी तांब्या माझ्या पानाशी घटकाभर थांबवाच. मला चारचौघांत ऐटीनं 'नको' म्हणायचं आहे.