शेजारच्या घरी मागितलेलं पाणी

अण्णा, आम्ही खराडीत एक फ्लॅट घेतोय. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. शाळेतून निवृत्त होताना जे हातात आलं ते सगळं त्यात जाणार आहे. आमच्या शाळेला पेन्शन नाही, यावरून मी नोकरीला लागले तेव्हाच तुम्ही नाक मुरडलं होतं. त्यामुळे हा व्यवहार फसला तर आम्हा दोघांचं म्हातारपण कठीण आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वकिलाने मालकीचा शोध घेतला, भोगवटा प्रमाणपत्र पाहिलं, फ्लॅटवर कुठलं कर्ज नाही याची खात्री केली आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तुमचे जावई खूश झाले. मी मात्र पुढच्या रविवारी एकटीच उठून खराडीला गेले. का गेले, ते तुम्हाला बरोबर कळेल.

तुमची निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. खडकीचं क्वार्टर सोडावं लागणार म्हणून तुम्ही घरासाठी जागा शोधत होता. धायरी तेव्हा गावच होतं. आपण तिघं बसने गेलो आहोत, एजंट पुढे चाललाय, आणि आईला जागा इतकी आवडलीय की स्वयंपाकघराची खिडकी कुठे येईल तेही तिने ठरवून टाकलंय. तिच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा आहे, कारण आज होकार द्यायचाच आहे. सातबारा तुम्ही आधीच पाहून ठेवलाय. मालक तीन भाऊ, तिघंही सह्या करायला तयार. एवढं असताना तुम्ही एजंटला थांबायला सांगता, शेजारच्या घराशी जाता आणि प्यायला पाणी मागता. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण पाण्याची भरलेली बाटली माझ्याच हातात आहे. एक म्हातारी बाई तांब्या-भांडं घेऊन येते. तुम्ही ओट्यावर बसता, उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहतं का विचारता, पावसात रस्ता कसा असतो विचारता. मग तीच तुम्हाला विचारते, "जागा बघाया आलाय व्हय?" तुम्ही मान हलवता. ती म्हणते, "तिघं भाव हायत ना कागदावर? त्यास्नी एक बहीण हाय. तिला कुनी काय इचारलं न्हाय."

"कुठे असतात त्या?" तुम्ही विचारलंत.

"तुमच्या म्होरंच बसलीय की."

तुम्ही भांडं खाली ठेवलंत, त्या बाईला नमस्कार केलात आणि बाहेर येऊन एजंटला म्हणालात, "जागा उत्तम आहे. मालक पूर्ण भेटले की कळवा." तो शेवटपर्यंत बहिणीचं हक्कसोडपत्र होऊन जाईल, होऊन जाईल म्हणत मागे येत राहिला. परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, की तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढल्याशिवाय चैनच पडत नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात उभा जन्म तपासणी खात्यात गेलेला माणूस, तुम्हाला दुसरं काय सुचणार होतं? पण तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "अगं, धोका कशात नसतो? आपण कुठला पत्करतोय, तेवढं मला माहीत हवं." मग तिच्या पिशवीतून पुडा काढून पेढे तुम्हीच वाटलेत, आणि रागात असूनही आईने दोन खाल्ले. मला तुम्ही त्या दिवशी फार आवडलात. हे तेव्हा बोलायची आपल्या घरी पद्धत नव्हती.

खराडीत कुणाच्या दारात जाऊन पाणी मागणं आता सोपं नाही. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, कुणाकडे जायचंय. मी खरं ते सांगितलं, की कुणाकडेच नाही, थोडं पाणी हवंय. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवून पाणी दिलं. पुढच्या रविवारी बाकावर बसलेल्या एक बाई भेटल्या. उन्हाळ्यात टँकर येतो, भाडेकरू कुरकुर करतात, पण ऑफिसं पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने सोडून कुणी जात नाही, हे त्यांनी सांगितलं. म्हणजे आमचा धोका कुठला, तो कळला. तरी मी त्याच्या पुढच्या रविवारी गेले, आणि त्याच्याही पुढच्या. लिफ्टचं विचारलं, देखभालीचा खर्च कोण थकवतं ते विचारलं, भिंतींना ओल येते का विचारलं. तुमचे जावई म्हणाले, "फ्लॅट घेतेयस की सोयरीक जमवतेयस?"

काल फ्लॅटच्या मालकाचा फोन आला. त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय, आज दुपारपर्यंत काय ते सांगा म्हणाला. आम्ही होकार कळवून टाकला. भीती वाटतेच आहे, पण ती पेलवेल एवढी आहे.

हे पत्र मी कपाटात ठेवीन, आता तुम्हाला पाठवणार तरी कुठे. एक मात्र जावयांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मला विचारायचं होतं ते दुसऱ्याच रविवारी विचारून झालं होतं. अनोळखी माणसाशी बोलायला लागले की माझ्या तोंडून अगदी तुमचा सूर निघायचा, तोच सावकाश, काही घाई नसलेला. तो ऐकायला मी जात होते, अण्णा. आता पुढच्या रविवारी जायला काही कारण उरलं नाही.