दारावरच्या तीन चौकटी

अण्णा, सर्जापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दारच नाही. नुसता ओटा, आणि समोर लगेच बैठकीची खोली. म्हणजे तुमचा तो कागद आज चिकटवायचा म्हटला, तर जागाच नाही. बसवनगुडीच्या आपल्या घरात तो दाराला आतून लावलेला असायचा. एकाच आलेखाच्या कागदावर शेजारी शेजारी तीन चौकटी: दादाची, माझी आणि धाकट्याची. खाली तारखा, डावीकडे वजन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही आम्हाला कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीत न्यायचात आणि तिथल्या मोठ्या काट्यावर एकेकाला उभं करायचात. वखारवाले हसून कानडीत म्हणायचे, "स्वल्प नेट्टगे निल्लु, मरी," म्हणजे जरा ताठ उभी राहा गं बाळ. शेजारच्या मुली फाटकातून बघत असायच्या आणि मी लाजेनं अर्धमेली व्हायचे. लोक आपल्या पोरांचे फोटो काढायचे, आमच्याकडे वजनं! आई तर दर खेपेला विचारायची, "पोरं आहेत की सरपण?" तुम्ही न ऐकल्यासारखं करून पेन्सिलीला टोक काढत बसायचात.

तुमची नोकरीच तशी होती म्हणा. सरकारी कारखान्याचा आकडेवारी विभाग, आणि कुठल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या कुठल्या खात्यात, किती माल खराब निघाला, ते साहेबांना आलेखातून दाखवायचं काम. माझा हात सुबक, म्हणून एकदा घरी आणलेला कागद तुम्ही मला आखायला आणि शाईनं गिरवायला दिलात. चार शॉप, चार चौकटी. मी काय हुशारी केली, तर प्रत्येक चौकट वरपासून खालपर्यंत भरून दिसावी म्हणून प्रत्येकीच्या उभ्या रेघेवर वेगळं माप घेतलं. दिसायला इतकं देखणं झालं होतं की मी स्वतःवरच खूश! तुम्ही चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ धरलात आणि ब्लेड मागितलंत. "या शॉपात वर्षभर जवळपास काही बिघडलेलंच नाही," तुम्ही म्हणालात, "आणि तुझ्या कागदावर तिथे डोंगर उभा राहिलाय. साहेब आकडे वाचत नाहीत गं, रेघ बघतात. उद्या त्या बिचाऱ्या फोरमनला मेमो मिळेल, आणि का मिळाला ते त्याला कळणारसुद्धा नाही. शेजारी शेजारी मांडायचं तर माप एकच. सगळ्यांना." माझी सगळी शाई तुम्ही शांतपणे खरवडून काढलीत. मी रुसले, जेवले नाही, पण ते वाक्य डोक्यात असं घट्ट बसलं की पुढे कॉलेजात सांख्यिकी शिकवताना मुलं मला पाठीमागून 'एकच माप अक्का' म्हणायची. मला ते आवडायचं.

त्याच वर्षी धाकट्याला विषमज्वर झाला. जिवावरचं टळलं, पण पोर नुसतं हाडांचं उरलं आणि अन्नाला शिवेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा असाच न खाता राहिला तर दुखणं उलटेल, मग माझ्या हातात काही नाही. आता तुम्ही त्याला दर रविवारी कडेवर घेऊन वखारीत जायचात. वजन वाढत होतं, अगदी थोडं थोडं. पण दारावरच्या कागदावर ते दिसणार कसं? तुमच्या नियमाप्रमाणे तिन्ही चौकटींना माप एकच, दादाला पुरेल एवढं. त्यात धाकट्याची रेघ तळाशी आडवी पडलेली. आई पोळ्या लाटता लाटता तिकडे बघते आणि पदर डोळ्यांना लावते. धाकटा दुधाचा पेला बाजूला सारतो. "माझी रेघ उठतच नाही. कशाला पिऊ?" एवढंसं पोर, अण्णा, आणि हे बोलणं!

मग एका सकाळी बघते तर दारावर नवा कागद. दादाची आणि माझी चौकट होती तशीच, धाकट्याची रेघ मात्र जिन्यासारखी वर चढलेली. मी डावीकडचे आकडे वाचले आणि माझं डोकंच फिरलं. तुम्ही मागच्या अंगणात दाढी करत होतात, तिथे जाऊन मी ओरडले, "अण्णा, ही शुद्ध लबाडी आहे!"

"आकडे लिहिलेत ना तिथे?"

"लिहिलेत, पण त्याचं माप वेगळं..."

"कुणाच्या हातचे आहेत, बघ जा."

वेडेवाकडे आकडे होते, धाकट्याच्या हातचे. तुम्ही त्यालाच मांडीवर घेऊन लिहायला लावले होते, त्याच्या चौकटीतलं एक घर म्हणजे किती थोडं, ते नीट समजावून. गालावरचा साबण पुसत तुम्ही म्हणालात, "कारखान्यात साहेबांना चौघांत कोण बिघडलंय ते बघायचं असतं. याला काय दादाशी कुस्ती खेळायचीय? याला गेल्या रविवारच्या स्वतःला गाठायचंय, बस्स. सरी?" तुमचं ते 'सरी' म्हणजे विषय संपला. मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. धाकट्यानं मात्र पेला रिकामा केला आणि ओठ पुसत विचारलं, "वखारीत कधी जायचं?" आई हसत होती की रडत होती, कोण जाणे.

तो धाकटा आता सत्तरी ओलांडून गेलाय. रोज लालबागेत फिरतो आणि फोनवर मला आपल्या पावलांचे आकडे ऐकवतो, मेला. माझा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, चालला नाहीत तर चाकाची खुर्ची कायमची. नातीनं हौसेनं आम्हा दोघांच्या चालण्याचा आलेख कॉम्प्युटरवर काढला, शेजारी शेजारी दोन चौकटी. त्याची रेघ ही उंच, माझी तळाशी झोपलेली. ते बघितलं आणि मी वॉकरला हात लावायचं सोडून दिलं. सगळे समजावून दमले. आज सकाळी नात म्हणाली, "आजी, दोघांना एकच स्केल आहे म्हणून असं दिसतंय. आपापलं करू? एक बटण दाबायचं फक्त." जन्मभर मुलांचे गुण ज्यासाठी कापले, ते माझ्याच घरात! मी म्हटलं, "दाब. पण डावीकडचे आकडे मोठे कर, आणि काय लिहायचं ते मी सांगते."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? उशीखाली राहील. पण एक सांगते. तेव्हा मी चिडले ती नियमासाठी नव्हे. माझी शाई खरवडणाऱ्या हातांनी धाकट्यासाठी वेगळं माप आखलं, याचं मला फार लागलं होतं, आणि ते लागणं मी इतकी वर्षं जपलं. आज लिफ्टपर्यंत जाऊन परत आले आणि नातीकडे पेलाभर दूध मागितलं. मला दूध मुळीच आवडत नाही, तुम्हाला माहीत आहे. सगळं प्यायले.