माशा चरायला गेल्या आहेत

१२ जानेवारी, रविवार

आज जिजाऊ जयंती. सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत कार्डं वाटली. 'मधुमित्र गजेंद्र, मधमाशी मार्गदर्शक. शाळांमध्ये मोफत व्याख्यान.' मार्गदर्शक हा शब्द माझाच. एकानं कार्डाची सुरळी करून दात कोरले. चालायचंच. लोकांना वेळ लागतो.

सुचिता भाऊबीजेला जळगाव जामोदला गेली, ती अजून माहेरीच आहे. छकुलीचा शाळेचा दाखला काढून नेला, पण तो नुसता सावधगिरी म्हणून. थंडी सरली की दोघी येतील. जाताना म्हणाली होती, जगाले सांगत फिरता अन् घरातलं एक काम याद राह्यत नाही. रागात माणूस काहीही बोलतं.

प्लॅन पक्का. या सीझनला वीस शाळा. मग पेपरात फोटो. पेपर जळगाव जामोदलाही जातो.

१७ जानेवारी

माशांच्या सगळ्या पेट्या अर्जुनरावांच्या कांद्यात नेऊन ठेवल्या. ते बियाण्याचा कांदा करतात. फुलांच्या गोंड्यावर माशी फिरली तरच बी भरतं. माशी यावी म्हणून कालपर्यंत गोंड्यांवर गुळाचं पाणी मारत होते. मुंगळे आले. मी हसलो. त्यांच्या मंजुळाबाई म्हणाल्या, हासू नका भाऊ, वहिनीले घेऊन या, पेट्याईकडे त्याच पाहत होत्या.

हे मला पटलं नाही. बघायची ती, पण थिअरी माझी.

ठरलं असं की फवारायचं असलं तर अर्जुनराव आदल्या दिवशी फोन करतील. मी संध्याकाळी माशा आत आल्या की दारं लावायची. औषधाचा वास जाईपर्यंत उघडायची नाहीत. पूर्वी हे सुचिता करायची. त्यात काय मोठं? फळी सरकवायची, झालं.

२४ जानेवारी

पहिलं व्याख्यान, दुसरबीडला. हेडसरांनी प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं दिली, मी तास खाल्ला. माशी मालकाला ओळखते, कधीच चावत नाही, हे सांगत असतानाच डबीतून नेलेली एक खालच्या ओठाला चावली. पुढचं सगळं सुजलेल्या तोंडानं बोललो. पोरं हसून हसून लोळली. म्हणजे विषय पोचला.

तिसरीतली एक पोरगी म्हणे, माही माय शेडनेटमधी क्रॉसिंग करते, नरफुलाची पावडर हातानं मादीफुलाले लावते, मंग माशी काऊन पाह्यजे? प्रश्न सिलॅबसबाहेरचा होता. यापुढे प्रश्न शेवटी घ्यायचे, वेळ उरला तर.

छकुली असती तर तिनं उत्तर दिलं असतं. तिला सगळं पाठ आहे. तिच्या वाढदिवसाला माशांनी भरलेली पोळ्याची एक अख्खी फ्रेम तिच्या हातात दिली होती, तिला एकही चावली नाही.

३१ जानेवारी, रात्री

हिवरा आश्रमाजवळची शाळा. आजवरचं बेस्ट. विषय: 'फवारणी आणि मधमाशी, शेतकऱ्यांनी वेळेवर फोन का करावा'. मोबाईल सायलेंटवर. व्याख्यात्याला शिस्त पाहिजे. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. शिक्षकांनी जेवायला थांबवलं, तिथंही बोललो.

घरी येऊन पाहतो तर अर्जुनरावांचे मिस्ड कॉलवर कॉल. मुंगळ्यांचं काही असेल. म्हातारे झोपले असतील आता. सकाळी लावू.

१ फेब्रुवारी

अर्जुनरावांनी उजाडताच फवारलं. कांद्यावर थ्रिप्स, म्हणजे फुलकिडा, पडला होता, थांबता येत नव्हतं. म्हणे, भाऊ, फोन लावू लावू थकलो, मले वाटलं तुम्ही येऊन दारं लावून गेले.

पेट्यांसमोर माशाच माशा. काही अजून जागच्या जागी गोल फिरत होत्या. मंजुळाबाईंनी खराटा आणला, दोन हात मारले आणि खाली बसल्या.

चूक अर्जुनरावांची. मेसेज टाकता येत होता.

गेल्या त्या बाहेर फिरणाऱ्या. आतल्या आहेत. राणी आहे, पिल्लं आहेत. घर शाबूत आहे.

५ फेब्रुवारी

आतल्याही कमी दिसतात. लहान लहानही बाहेर पडायला लागल्यात, हवा खायला जात असतील. साखरपाणी ठेवायचं होतं, पण सकाळी भाषणाची प्रॅक्टिस होती. उद्या नक्की.

१० फेब्रुवारी

पेट्या घरी आणल्या. फार हलक्या झाल्यात, एकट्यानं उचलता येतात.

दुपारी छकुलीच्या जळगाव जामोदच्या शाळेतल्या बाईंचा फोन. छकुलीनं वर्गात सांगितलं म्हणे, माहे बाबा खऱ्याखुऱ्या माशा घेऊन येतात. येता का? येतो म्हणालो, तारीखही दिली. सुचिता येणारच बघायला. नवा शर्ट घ्यायचा. फिका, माशांना गडद रंग चालत नाही.

माशा नाहीत, ही टेक्निकल अडचण आहे. बघू.

१७ फेब्रुवारी

जळगावचा कार्यक्रम. कंडक्टरनं पेटी उघडायला लावली, आत एकही माशी नाही हे बघून बसू दिलं. म्हणजे एका अर्थी बरंच झालं.

छकुली उंच झाली आहे. मला बघून पळत आली नाही, पेटीकडे पळाली. पोरांना रांगेत बसवलं, राणी कशी असते, लहान माशा घरात राहून पिल्लांना कशा भरवतात, मोठ्या झाल्या की मग बाहेर कशा पडतात, सगळं तिनंच सांगितलं. मला बोलायला काही उरलं नाही. मग म्हणाली, बाबा, आता उघडा.

उघडली. सगळे वाकले. छकुली माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी सांगितलं, माशा चरायला गेल्या आहेत. संध्याकाळी येतील.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शाळा सुटली, छकुली घरी जाईना. पेटीचं दार उघडं आहे का ते वाकून वाकून बघत होती. तिला न्यायला सुचिता आली. शर्टाकडे पाहिलंही नाही. एक फ्रेम उचलली, उजेडात धरली. पोळ्याच्या घरांतच काळी पडलेली पिल्लं तिला दिसली असणार. फ्रेम हळूच परत ठेवली आणि एवढंच विचारलं, दारं लावले नव्हते का? मी म्हणालो, अर्जुनरावांनी मेसेज केला असता तर. तोवर ती वळली होती.

छकुलीनं हट्ट केला म्हणून पेटी शाळेच्या आवारातच ठेवून आलो.

एकंदर कार्यक्रम यशस्वी. सुचिता स्वतःहून बोलली.

२४ फेब्रुवारी

सुचिताचा फोन! दिवाळीनंतर पहिल्यांदा. उचलायच्या आधी केसांवरून हात फिरवला, उगीच.

म्हणाली, पोरगी रोज शाळा सुटली की पेटीपाशी जाऊन बसते. अंधार पडेस्तोवर उठत नाही. परवापासून संगं भाकरीचा तुकडा नेऊन राह्यली, माशाईसाठी गूळ लावून. मी नाही सांगनार तिले. तुम्ही सांगलं होतं, तुम्हीच येऊन खरं सांगा.

येतो म्हणालो. आणखी विचारायचं होतं, पण तिनं ठेवला.

२५ फेब्रुवारी

जाताना बसमध्ये तयारी केली होती. माशा सातपुड्यात गेल्या, तिकडे पळस फुलला आहे, तिकडे त्यांना बरं आहे. चांगलं जमलं होतं.

छकुली पेटीपाशी बसलेली. दप्तर पाठीवरच. मी खाली बसलो, तिनं गूळभाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला. म्हणाली, आज येतीन.

नाही जमलं. सांगून टाकलं. मेल्या म्हणालो. फवारा होता, आणि मी दारं लावली नव्हती. फोन आला होता, मी उचलला नाही.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पेटीत वाकून बघत म्हणाली, पन पिल्लं तं बाहेर जातच नाहीत. त्याईले फवारा नाही लागला. मंग ते काऊन मेले?

मला उत्तर येत होतं. इतक्या शाळांतून सांगितलं आहे. मी पेटीच्या दाराची फळी सरकवत राहिलो.

सुचिता मागे उभी होती. तिनंच सांगितलं, त्याईले भरवनारं घरात कोनी राह्यलं नाही, बेटा.

छकुलीनं तुकडा पेटीवर ठेवला आणि आईचं बोट धरलं. फाटकापर्यंत मी मागे मागे गेलो. विचारलं, कधी येता. सुचिता म्हणाली, पुढच्या वर्षीचं नाव इथंच घातलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोललो असतो.

बरं म्हणालो.

पाचची गाडी मिळाली. बसायला जागा होती.