मारुतीचा डावा कान

सावेडी, अहिल्यानगर
(पाकिटावर हेच नाव घातलं आहे. तू बोलताना नगरच म्हण.)

ती. राहीआक्कास,

धाकट्या कानिफचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा गुडघा, तुझी शुगर आणि गोठ्यातली गाभण कालवड, तिघांची खुशाली कळव. नाही कळवलीस तरी ती चांगली आहे असं मी धरून चालेन. गेले सात महिने तसंच धरून चाललो आहे. तू माझा फोन उचलत नाहीस. चुकून उचललास तर स्पीकरवर टाकून दाजींपुढे सरकवतेस, आणि दाजी बिचारे "काय म्हनतंय नगर, पाऊस हाय का?" यापुढे जात नाहीत. (कोल्हार ते नगर दीड तासाचा रस्ता. पाऊस असला तर बहुधा दोन्हीकडे असतो, नसला तर दोन्हीकडे नसतो.) म्हणून हे पत्र. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही, एवढाच त्याचा गुण.

गेल्या शनिवारी सकाळी सहा वाजता मी आपल्या गावच्या मारुतीचं नाक ओल्या कापसाने पुसत होतो. तू म्हणशील, याचं आता एवढंच राहिलं होतं. खरं आहे. पण ते कसं घडलं हे सांगण्याआधी आपलं बोलणं ज्यावरून थांबलं ते लिहितो, नाहीतर तू पत्र इथेच फाडशील. आईच्या वर्षश्राद्धाला मी तिचा मोठा फोटो करून सगळ्या नातलगांना वाटला. स्टुडिओवाला म्हणाला, "साहेब, जरा क्लीन करू का?" आणि मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. कपाळावरच्या किती सुरकुत्या ठेवायच्या, गालावरचा डाग, नाकाची रुंदी, सगळं मीच सांगितलं. शेवटी डाव्या कानाची फाटलेली पाळीही जोडून घेतली. लोक म्हणाले, बनुबाई किती तरुण दिसतात. तू मात्र तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून नगरला येणाऱ्या भाजीच्या टेम्पोतून परत पाठवलास आणि टेम्पोवाल्याजवळ निरोप दिलास, "ही कोनाची बाई हाय? तिला तिच्या घरी पोचती कर." टेम्पोवाल्याने तो निरोप माझ्या भरल्या दवाखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असा दिला. मला राग आला. (पंचवीस वर्षं चेहऱ्यांवर काम करणाऱ्या माणसाला सातवी झालेली बहीण शिकवते! हे कंसातलं खोडणार होतो. पण त्या दिवशी तसंच वाटलं होतं, तर राहू दे.)

आता मारुती. महिन्यापूर्वी त्याच्या शेंदराची खोळ सुटली. आपल्या आज्याच्याही आधीपासून थरावर थर चढत होते. एका सकाळी गुरव तेल घालायला गेला तर सगळं कवच सालीसारखं पुढे आलं. गावाने ते वाजतगाजत नेऊन प्रवरासंगमला सोडलं. परत येऊन नीट पाहतात तर आतल्या मारुतीच्या नाकाचा शेंडा नाही आणि डाव्या कानाची पाळी मधोमध फाटून दोन झालेली. गावात दोन तट पडले. एक तट म्हणाला, खंडित मूर्ती पुजता येत नाही, संगमरवरी नवी आणा. दुसऱ्या तटाचे पुढारी आपले बिभीषणनाना, देवस्थानचे अध्यक्ष. ते म्हणाले, देव काय टायर आहे का बदलायला? आणि पाच माणसं घेऊन थेट माझ्या दवाखान्यात येऊन बसले.

समोर मोनिका होती. ही पोरगी नवी आहे आणि रजिस्टर भरल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. तिने पेशंटचं नाव विचारलं. नाना म्हणाले, "मारुती." वय? "लई." पत्ता? "पारापाशी." पेशंट बरोबर आलाय का? "त्यांना हलवता येत न्हाई, बाई." मोनिकाने शांतपणे 'घरी जाऊन तपासणे' असं लिहिलं आणि त्यांना रांगेत बसवलं. एका बाजूला केस लावून घ्यायला आलेला दुकानदार, दुसऱ्या बाजूला पोलीस भरतीआधी हातावरचं मैत्रिणीचं नाव काढून घ्यायला आलेला गडी, मधे आपलं गाव. आत आल्यावर नानांनी मोबाईलवर देवाचा चेहरा दाखवला आणि म्हणाले, "तुमी नगरच्या बायांची नाकं करता. मारुतीचं का व्हईना? भूल बी द्यायला नको."

मी नेहमीचा प्रश्न विचारला, आधीचा फोटो आहे का? कुणाकडेच नव्हता. तो चेहरा पाहिलेलं माणूसच गावात जिवंत नाही. मग जो तो खिशातून कॅलेंडराची पानं काढायला लागला. (माझ्याकडे येणाऱ्या मुली नट्यांचे फोटो आणतात. फरक काहीच नाही.) मी म्हणालो, हे दगडाचं काम आहे, मिस्त्रीला बोलवा. नाना म्हणाले, जैनुद्दीनला विचारलंय, तो म्हणतो दगड माझा, नाक कानिफचं.

त्या दिवशी ते गेल्यावर मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. आक्का, मी या धंद्यात का आलो हे तुला ठाऊक आहे, मला मात्र आठवावं लागतं. झेडपीच्या शाळेत बस्करावर बसून शिकलो, सोनईला दहावी केली, पुण्यात डॉक्टर झालो, आणि मुंबईच्या जळितांच्या वॉर्डात पाच वर्षं काढली. स्टोव्हने भाजलेल्या बायका, गुऱ्हाळाच्या कढईत हात गेलेली माणसं. त्यांची मान वळावी, बोटं मिटावीत, घास तोंडापर्यंत जावा, एवढंच तेव्हा मागणं असायचं. नगरला आलो तोही त्याच कामासाठी. नागापूरच्या कारखान्यात प्रेसखाली आलेली बोटं, कडबाकुट्टीत गेलेले पंजे, हे जोडले की मी देवापुढे पाच मिनिटं जास्त बसायचो. मग हळूहळू केस आले, नाकं आली, हनुवट्या आल्या. बोट जोडलेला माणूस एकदा बरा झाला की आपल्या कामाला लागतो, पुन्हा दिसत नाही. नाक केलेला माणूस दर महिन्याला आरसा घेऊन परत येतो. असं करत करत माझा दवाखाना बऱ्या असलेल्या माणसांनी भरून गेला. आई गावात सांगायची, "आमचा कानिफ फाटलेलं शिवतो." (त्यावरून शेजारणींनी एकदा दोन पोलकी पाठवली होती. ती मी शिवून दिली, टाके अजून उसवलेले नाहीत.)

आणि त्याच आईचा कान मला शिवता आला नाही. वीस मिनिटांचं काम. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पाळ्या दागिन्याच्या वजनाने फाटतात, आठवड्याला दोन तरी मी जोडतो. आईला दर दिवाळीला म्हणायचो, चल, जेवायच्या आत मोकळी होशील. ती म्हणायची, "राहू दे. राहीची खून हाय ती." तू अंगावर पीत असताना तिचं कानातलं ओढलं होतंस, हे मला माहीत होतं, पण मी ते हसण्यावारी नेलं. माझा जन्म त्यानंतरचा, मी तो कान कधी अखंड पाहिलेलाच नाही. तू कोल्हारला नांदायला गेल्यावर ती संध्याकाळी ओट्यावर बसून पाळीची दोन्ही टोकं चिमटीत धरून असायची. मला वाटायचं, दुखतं. मी मलम आणून द्यायचो, आणि ती बिचारी लावायची.

तर शनिवारी उपास धरून गावी गेलो. थिएटरला धुतो तितका वेळ हात धुतले. रबराचे मोजे देवाला चालतात का यावर गुरवाने आणि नानांनी बराच खल केला, शेवटी मी ते काढून ठेवले. जैनुद्दीनने दगडाची पूड आणि चुन्याचा मसाला कालवून घमेलं पायरीवर ठेवलं होतं. तो आणि मी एका बस्करावर बसायचो. मधल्या सुट्टीत आई दोघांना एकच भाकरी मोडून द्यायची. नाक तासाभरात झालं. कॅलेंडरासारखं धारदार केलं नाही, दगडात जेवढं शिल्लक होतं त्याच्या कलाने गेलो. (मारुतीने आरसा मागितला नाही. असा पेशंट कारकिर्दीत पहिला.) मग कानाकडे वळलो. मसाला बोटावर घेतला, फाटलेली दोन टोकं जवळ आणली, म्हणजे आणायला गेलो, आणि हात थांबला. मला त्या स्टुडिओतली खुर्ची आठवली. जे ऑपरेशन आईने जिवंतपणी पंधरा वेळा नाकारलं, ते ती गेल्यावर, ती नाही म्हणू शकत नसताना, मी करून घेतलं होतं. तिच्या अंगावरची तुझी एकुलती एक खूण मी पुसून टाकली आणि वर तो फोटो तुझ्याच घरी पाठवला. सात महिन्यांत हे एवढं सरळ कधी दिसलं नव्हतं.

मी बोटं पुसली. नाना म्हणाले, "डाक्टर, कान राह्यला की."

मी म्हणालो, तो राहू द्या.

"आन् का? खंडित म्हनूनच तर तुमाला आनलं."

मी म्हणालो, नाना, हा तुटलेला नाही, ओढलेला आहे. कुणा लेकराने कुंडल ओढलं असेल. यात शास्त्र नव्हतं, तोंडात आलं ते बोललो. नानांनी मान वाकडी करून कान दोन्ही बाजूंनी पाहिला. मग म्हणाले, "लेकरानं वढला आसंल तर त्यो खंडित धरत न्हाईत." असा नियम कुठे लिहिला आहे हे दोन्ही तटांपैकी कुणीही विचारलं नाही. गुरवाने शेंदूर कालवला. जैनुद्दीन पायरीवरून आत डोकावला आणि हळूच म्हणाला, "बनुमावशीचा कान हाय." मी त्याच्याशेजारी पायरीवर जाऊन बसलो.

पत्र लांबलं. रागवायचं असेल तर आणखी रागव, तेवढं पत्राने मात्र कळव. दाजींना नमस्कार, कालवडीला कुरवाळणं.

तुझा
कानिफ

ता. क. दाजींच्या गुडघ्याला मी औषध सांगू नये, मी हाडांचा डॉक्टर नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे.

ता. क. दुसरा. आईचा मूळ फोटो माझ्या जुन्या मोबाईलबरोबर गेला. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत ती मांडवाच्या कडेला डावा कान पुढे करून उभी आहे, असं मला आठवतं. तो एकदा दे. आहे तसाच मोठा करून घेईन, कुणाला हात लावू देणार नाही, मीही लावणार नाही. टेम्पोतून पाठवू नकोस, घेऊन ये. शनिवारी आलीस तर मारुतीला जाऊ. आता दर शनिवारी शेंदूर चढणार. कान दिवाळीपर्यंत दिसेल, असं गुरव म्हणतो.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवायचं थांबवून हे लिहितो आहे. आज सकाळी बैठकीतला तो जोडलेल्या कानाचा फोटो उतरवला, हार काढून तुळशीत ठेवला, आणि फोटो त्या स्टुडिओत नेऊन दिला. स्टुडिओवाला घाबरला. म्हणाला, "साहेब, काय चूक राहिली का?" मी म्हणालो, एकही राहिली नाही, म्हणूनच. त्या बाईला तिच्या घरी पोचती केली आहे.